मेडिकल बोर्डासमोर आप्पा

आज सकाळी आप्पा गेले. मला अजून रडू आलेलं नाही, नुसती भीती वाटतेय.

आणि भीती म्हटली की मला त्यांचा मेडिकल बोर्ड आठवतो.

आप्पा कारगिलहून कमरेत छर्रे घेऊन आले. डावा पाय जवळजवळ निकामी. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूची शेती दुसऱ्याला कसायला दिली. घर चालायचं ते त्यांच्या डिसॅबिलिटी पेन्शनवर.

काही वर्षांनी पत्र आलं. फेरतपासणीसाठी चेन्नईला या.

पाय सुधारला असं बोर्डाला वाटलं तर पेन्शन कमी होणार. कदाचित बंदच.

त्या दिवसापासून घरात कुणाला धड जेवण जाईना.

अम्मा रोज आप्पांची उजळणी घ्यायची, परीक्षेआधी माझी घ्यायची तशी.

"दुखतंय म्हणून सांगा. बरा आहे म्हणून सांगू नका हां!"

"सरी, सरी," आप्पा मान डोलवत म्हणायचे. पण चेहरा पांढराफटक.

बोर्डाच्या खोलीत आम्ही तिघंही गेलो. डॉक्टर युनिफॉर्ममध्ये. आप्पांपेक्षा कितीतरी लहान.

"कैसे हैं आप?"

आमच्या आप्पांनी काय करावं? काठी भिंतीला टेकवली आणि ताठ उभे राहिले.

"एकदम ठीक, साब!"

साहेबाने विचारलं की ठीकच म्हणायचं, ही फौजेतली सवय. ती काही अम्माच्या उजळणीने जाणार नव्हती.

"चलके दिखाइए."

आणि आप्पा चालले! काठीशिवाय! ओठ घट्ट मिटलेले, कपाळावरून घामाच्या धारा.

डॉक्टर लिहायला लागले.

तेव्हा अम्मा ओरडली. हिंदीचा एक शब्द येत नाही तिला. आमच्या तंजावरी मराठीतच ओरडली.

"अय्यो, खोटं सांगतायत हे! वेष्टी मी नेसवते ह्यांना. न्हाणीघरात धरून बसवते. उशीत तोंड खुपसून रडतात, मला ठाऊक नाही म्हणून वाटतं ह्यांना!"

मी ते हिंदीत सांगत गेले. आप्पांनी मान खाली घातली. इतकं भेदरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. स्वतः उठून आप्पांना खुर्चीत बसवलं.

पेन्शन राहिली.

परतीच्या ट्रेनमध्ये आप्पा अम्माशी बोलेनात. कुंभकोणम गेल्यावर तीच म्हणाली, "पेन्शन गेली तर काय खायचं म्हणून भ्याले हो मी."

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"मी पेन्शनला नाही भ्यालो. तू हे सगळं साहेबापुढे सांगशील म्हणून भ्यालो."

अम्माने त्यांचा हात धरला. तंजावर येईपर्यंत सोडला नाही.

आता ती आत त्यांच्या उशाशी बसलीय. मघाशी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पेन्शन माझ्या नावावर करायला मलाच जायला पाहिजे का ग? मी एकटी काय सांगू त्यांना?"



आप्पा, जाऊन या.

अम्माला मी बघते. फार भ्यालेय मी, पण बघते.