साताऱ्याला गेलेल्या सहा मुठी

माधवनगरच्या जोतीराम कातारींना काळजी करायला कारण लागत नसे. कुलूप लावून चार पावलं गेले की माघारी येऊन ओढून बघणार, गॅस बंद केलाय का हे बायकोला दोनदा विचारणार. "तुमी जेवल्यावरबी पोट चाचपून बगता, भरलंय का म्हून," असं मनुबाई म्हणायच्या. पण या वेळी कारण होतं, आणि ते त्यांच्या हातात होतं. शिसवीचा वीतभर तुकडा, आणि त्यात केसाएवढी चीर.

त्यांचे वडील सूतगिरणीसाठी लाकडी बॉबिनी कातायचे. गिरण्या थंडावल्या तशी त्याच लेथवर लाटणी, रव्या, पलंगाचे पाय फिरू लागले. मग मुलीनं, रेश्मानं, बापाच्या कामाचे फोटो मोबाईलवर टाकले आणि कुणीतरी विचारलं, कॉफीच्या मशीनची मूठ कराल का?

त्या मशीनला एक दांडा असतो. पुढच्या वाटीत कॉफीची पूड दाबून भरायची, वाटी मशीनखाली अडकवायची आणि दांडा जोर लावून आवळायचा. वरून कडकडीत पाणी दाबानं उतरतं. दांड्याची मूठ प्लॅस्टिकची येते. हौशी माणसांना ती लाकडाची हवी असते, आपल्या पंजाच्या मापाची. जोतीरामांचा हात त्यात चांगला बसला.

साताऱ्यात भार्गवी नावाच्या मुलीनं कॉफीचं दुकान काढलं. तिनं सहा मुठी सांगितल्या, उद्‌घाटनाची तारीखही सांगितली. नेमकी तेव्हाच घरची जुनी शिसव संपलेली. वखारवाला म्हणाला, "दोन वर्सं वाळलंय, डोळं झाकून न्या." ओंडका हातात घेतल्याबरोबर तो जड लागला होता. आत ओल आहे हे हाताला कळलं होतं. पण तारीख तोंडावर आलेली. जोतीरामांनी हाताचं ऐकलं नाही.

मुठी जाऊन बारा दिवस झाले आणि त्याच ओंडक्याचा उरलेला तुकडा असा उकलला.

दोन दिवस ते तो तुकडा उलटूनपालटून बघत राहिले. आवळताना मूठ फुटली तर? वाटी निसटली, गरम पाणी कुणाच्या हातावर आलं तर?

"आवं, फोन करा की," मनुबाई म्हणाल्या.

"काय सांगू? माजं लाकूड ओलं हुतं म्हून?"

"व्हय. त्येच सांगा."

त्यांनी फोन लावला. उचलला नाही. परत लावला, परत नाही. तिसऱ्यांदाही नुसती रिंग वाजत राहिली, तेव्हा त्यांची खात्रीच पटली, की काहीतरी झालंय आणि ती माणसं दवाखान्यात आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साताऱ्याच्या एसटीत बसले. पेठ नाका गेला, कराड गेलं. शेजारच्या माणसानं पुढं केलेल्या शेंगा त्यांनी घेतल्या आणि तशाच मुठीत धरून ठेवल्या.

दुकान उघडं होतं. गर्दी होती. मशीनपाशी विशीतली एक मुलगी उभी होती आणि तिच्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती.

जोतीराम थेट तिच्यापाशी गेले. "पोरी, हाताला काय झालं गं?"

"लिंबू चिरताना कापलं, काका," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

त्यांनी नाव सांगितलं. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ती शिवांजली, दुकानात कामाला होती. मागून भार्गवी आली. तिचा फोन गल्ल्याच्या खणात राहिला होता, आवाज बंद करून.

"ताई, मशीन थांबवा," जोतीराम म्हणाले. "मुठी बगायच्या हायत."

"आत्ता? काका, गिऱ्हाईक उभं आहे."

"आत्ताच."

एकेक मूठ त्यांनी चष्म्याजवळ धरली. पाच साफ निघाल्या. सहावीच्या बुडाशी, जिथं लोखंड आत शिरतं तिथं, बारीक रेघ होती. त्यांनी नख फिरवलं. नख अडकलं.

"एवढ्याशा रेघेनं काय होतंय?" भार्गवी म्हणाली. "ती एक काढा. बाकीच्या राहू देत. उद्या फोटो काढायला माणसं येणार आहेत."

मोह झाला. पाच खरंच साफ होत्या; मान हलवली असती तरी चाललं असतं.

"त्याबी त्याच ओंडक्याच्या हायत," ते म्हणाले. "आज न्हाई तर उद्या उकलतील. मी चुकलो, ताई. लाकूड ओलं हाय हे मला कळलं हुतं."

भार्गवी गल्ल्याकडे वळली. जोतीरामांनी स्वतःच्या हातांनी जुन्या प्लॅस्टिकच्या मुठी बसवल्या, लाकडाच्या सहाही मुठी पिशवीत घातल्या. निघताना शिवांजलीनं हात केला. भार्गवी गिऱ्हाइकाकडेच बघत होती.

महिन्याभरात त्या पाचांतल्या तीन उकलल्या. जोतीरामांनी त्यांचे फोटो रेश्माला साताऱ्याला पाठवायला लावले. उत्तर दोन दिवसांनी आलं, तेही एवढंच: "नवीन कधी मिळतील?"

फलटणच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडं मोडलेली बैलगाडी गोठ्यात पडून होती. तिची बाभळीची साटी, म्हणजे गाडीची चौकट, तीस वर्षं वाळलेली. लोखंडासारखी, कातताना पटाशीला चारदा धार लावावी लागली. नव्या सहा मुठी घेऊन ते पुन्हा स्वतःच गेले. शिवांजलीनं पहिली मूठ आवळली. पहिला कप झाला, दुसरा झाला. दहावा कप होईस्तोवर ते काउंटरपासून हलले नाहीत. भार्गवीनं कॉफी पुढं केली, त्यांनी ती चहासारखी बशीत ओतली आणि कडू लागली तरी संपवली.

आता त्यांच्याकडं येणाऱ्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर खडूनं तारीख पडते. दोन वर्षं झाल्याशिवाय त्याला पटाशी लागत नाही, कुणी कितीही घाई करो. माजघराची एक भिंत लाकडानंच भरलीय आणि मनुबाईंना अंथरूण टाकायला जागा शोधावी लागते.