नंदाबाईच्या खोलीतली ओल

नंदाबाई मूळची बेडसे गावची. नवरा लवकर गेला तेव्हा पदरात एकच पोर होतं, संदीप. त्याला घेऊन ती लोणावळ्याला आली आणि तुंगार्लीच्या चढावर पुण्याच्या निर्मलाताईंच्या बंगल्यात पाहुण्यांचा स्वयंपाक करायला लागली. राहायला बंगल्याखालचं तळघर मिळालं. उतारावर बांधलेल्या त्या घराची मागची भिंत अख्खी डोंगराच्या मातीत गेलेली, आणि पुढच्या भिंतीला अगदी छताखाली एकच आडवी खिडकी. तिच्यातून बाहेरच्यांची पावलं आणि गाड्यांची चाकं तेवढी दिसायची. याच खोलीत संदीप वाढला, पर्यटकांची गाडी चालवायला लागला, देहूरोडच्या चैतालीला लग्न करून घेऊन आला. प्रेरणाचं बारसंही इथंच झालं.

चौघं होती तोवर ओलीचं कुणाला फारसं वाटलं नाही. पावसाळ्यात भिंतीला पाझर फुटायचा, गाद्यांना कुबट वास यायचा, चपलांवर पांढरी बुरशी धरायची. "लोनावळ्यात ऱ्हायचं म्हंजी हे असायचंच," असं म्हणून संदीप हसायचा. दिवाळीत सगळं उन्हात टाकलं की विषय संपायचा.

मग एका थंडीत, घाटातल्या दाट धुक्यात, संदीपची गाडी उलटली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

त्यानंतरचा पावसाळा वाईट गेला. तीन वर्षांची प्रेरणा खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टरांनी सांगितलं, "पोरीला या ओलीत ठेवू नका." श्रावणात एके सकाळी चैतालीनं पिशवी भरली.

"आई, ओल जाईपर्यंत मी हिला माहेरी ठेवते. तिथं खोली कोरडी आहे."

"आन् तू?"

"मी पण तिच्याबरोबरच राहते ना. तिला माझ्याशिवाय झोप येत नाही."

नंदाबाईला ते पटलं. पोरीचा जीव मोठा. तिनंच दोघींना स्टेशनवर नेऊन सोडलं, आणि परत येताना मनाशी ठरवून टाकलं की ही ओल घालवायची.

सुरुवातीला तिनं सगळेच उपाय करून पाहिले. घमेल्यांत कळीचा चुना घालून कोपऱ्यांत ठेवला. तो पाणी पिऊन फुगला, फुटला, पण भिंत होती तशीच राहिली. कडुलिंबाचा पाला जाळला, ऊद घातला. त्यानं तासभर खोलीला देवळासारखा वास यायचा, आणि मग पुन्हा तोच, भिजल्या गोणपाटासारखा. बुरशी पुसून तिनं स्वतःच्या हातानं भिंतीला रंग दिला, तर आठवडाभरात त्याचे पापुद्रे सुटून अंथरुणावर पडले. त्या दिवशी पापुद्रे गोळा करता करता ती खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

दसऱ्याला गावचे दत्तोबा गवंडी भेटायला आले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि घराला मागून वळसा घालून आले.

"नंदाबाय, आतनं रंग मारून काय व्हनार? पानी तर मागनं येतंय. पन्हाळ फुटलीया, छपराचं समदं पानी भितीच्या मुळात पडतंय. माती बी घराकडंच उतरती हाये. आदी भाईरचं पानी तोडाया पायजे."

"तोडता येईल का पन?"

"न यायला काय झालं! पन दम धरावा लागंल. भित वाळायला अख्खा उन्हाळा खाईल."

निर्मलाताईंना विचारलं, तर त्यांनी लगेच होकार दिला. दत्तोबांनी नवी पन्हाळ बसवली, भिंतीमागं खोल चर खणून त्यात पाइप आणि दगडगोटे भरले, माती बाहेरच्या बाजूला उतरती केली. आतला गिलावा खरवडून भिंत उघडी टाकली. नंदाबाईनं आपलं बिऱ्हाड एका कोपऱ्यात रचलं आणि ती धुळीत राहिली. दुपारी वरची भांडी आवरली की ती खाली येऊन भिंतीला तळहात लावून बघायची. फेब्रुवारीत हात ओला व्हायचा, एप्रिलमध्ये नुसता गार पडायचा, मे महिन्यात दगड चक्क कोमट लागला. मग नवा गिलावा झाला, खिडकीत आतली हवा बाहेर टाकणारा पंखा बसला.

मधे दोनदा ती देहूरोडला जाऊन आली. प्रेरणा मांडीवर बसायची, पण "कधी येतीस गं घरला?" असं विचारलं की आईकडं बघायची. चैताली म्हणायची, "बघू, आधी खोली तर होऊ दे." फोनवरही तेच.

आषाढ आला, कोसळला. चहूकडून ओढे वाहायला लागले. नंदाबाई रोज भिंत चाचपायची. श्रावणातही भिंत कोरडी राहिली. काड्यापेटीतली काडी पहिल्याच घासण्याला पेटली, तेव्हा ती एकटीच खोलीत हसली. नव्या गादीवर तिनं प्रेरणासाठी फुलाफुलांची चादर घातली आणि फोन न करता थेट देहूरोडला गेली.

चैतालीच्या आईनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. प्रेरणा शेजारी खेळायला गेली होती.

"चैताली, झाली बग खोली!" नंदाबाई बसण्याआधीच बोलून गेली. "थेंब न्हाई पान्याचा. वास बी न्हाई. आज चल, न्हाईतर उद्याच्याला. मी थांबते."

चैतालीनं मान खाली घातली. "आई, मीच येणार होते तुमच्याकडं. सांगायला धीर होत नव्हता."

"काय झालं?"

"माझं लग्न ठरलंय. दिवाळीनंतर. सोपान म्हणून आहेत, इथल्याच डेपोत कामाला असतात. प्रेरणाला आपली म्हणून घेणार आहेत."

नंदाबाईनं हातातला पेला खाली ठेवला. तिनं विचारलं, "आन् खोली? तू म्हणाली व्हतीस, ओल जाईपर्यंत..."

"प्रेरणा ओलीमुळं आली, आई. मी नाही." चैतालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "त्या खिडकीत गाडीचं चाक दिसलं की मला वाटायचं, हेच आले. मी उठून दारात जायचे. दिवसातून किती वेळा, तुम्हाला ठाऊक नाही. तिथं राहिले असते तर वेड लागलं असतं मला. तुम्ही एवढ्या आशेनं कामाला लागला होतात, तोंडावर कसं सांगू?"

नंदाबाईला तेव्हा आठवलं. गाडी वाजली की सून उठायची, आणि आपण समजायचो, पोरीला वारा हवा म्हणून दार उघडते. एकाच खोलीत दोघी एकाच माणसासाठी झुरत होत्या, आणि तिला ते कळलंच नव्हतं.

रागावण्यासारखं काही तिला सापडेना. तिनं एवढंच विचारलं, "प्रेरणाचा खोकला?"

"इथं आल्यावर महिन्यातच गेला."

"मग झालं," नंदाबाई म्हणाली. पदरानं तिनं चैतालीचे डोळे पुसले. स्वतःचे पुसायचे राहून गेले.

लग्नाला ती गेली नाही. नव्या माणसांना अवघडल्यासारखं होईल म्हणून तिनं दत्तोबांच्या हाती साडी आणि प्रेरणासाठी पैंजण पाठवले.

मे महिन्याच्या सुट्टीत सोपान स्वतः प्रेरणाला आठवडाभर आजीकडं सोडून गेला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी दाराशी जाऊन बसली आणि हुंदके द्यायला लागली. नंदाबाईनं करंज्या पुढं केल्या, गोष्ट सांगितली, संदीपचा फोटो दाखवला. पोरीनं फोटोकडं पाहिलं आणि म्हणाली, "मला पप्पांकडं जायचंय." कुठल्या पप्पांकडं, हे विचारायची गरज नव्हती.

नंदाबाईनंच सोपानला फोन लावला. "या बाबा. घेऊन जावा. तिचं मन न्हाई लागत हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, वाकून पाया पडला. "मावशी, पुन्हा आणीन मी. जरा मोठी होऊ द्या." माणूस भला होता. प्रेरणा धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली. फाटकातून बाहेर पडताना त्यानं सांगितलं म्हणून तिनं वळून हात हलवला.

नंदाबाई खाली आली. फुलाफुलांची चादर विस्कटलेली होती. तिनं ती नीट करायला हातात घेतली आणि तिथंच, संदीप गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं रडली. पाठ कोरड्या भिंतीला टेकून रडली. वरून निर्मलाताईंनी हाक मारली, पुण्याहून त्या पाहुणे घेऊन आल्या होत्या. तिनं तोंड धुतलं, जिना चढून स्वयंपाकघरात गेली आणि किती जण आहेत ते विचारून कणीक मळायला घेतली.