पांढऱ्या केसांचा खलाशी

आमच्याकडे दिवसा दार लागत नाही. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे सडा घालायला दार उघडतात, ते रात्री जेवणे झाल्यावरच बंद होते. येणारा बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, उभा राहून हाक मारतो, नाहीतर हाकही न मारता पडवीत येऊन बसतो. त्यामुळे १९५७ सालच्या त्या सकाळी उघड्या दाराची कडी वाजली तेव्हा मी तव्यावरचे घावण तसेच सोडून बाहेर आले. शाळेत निघालेले आमचे हे, म्हणजे मास्तरही कोटाची एक बाही घालून थबकले.

दारात सत्यवान तारी उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. हा माणूस आमच्या पडवीत शेकडो वेळा बसून गेलेला.

"कडी कित्याक वाजवलंस रे?" अक्का कडाडल्या. "परको काय तू?"

"आज कामान इलंय, अक्कानू," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "वयनीनू, एक अर्ज लिवन व्हयो."

सत्यवान आमच्या मालवण बंदरात होडीवर खलाशी होता. मुंबईची आगबोट बंदरात आत येत नाही, खडकांमुळे बाहेर खोल पाण्यात उभी राहते. उतारू शिडीने होडीत उतरतात आणि होडी त्यांना किनाऱ्याला आणते. भरती असेल तर होडी धक्क्याला लागते. ओहोटी असेल तर वीसेक पावले आधीच रेतीत रुतते. मग पुरुष धोतर खोचून चालत जातात आणि बायकामुलांना खलाशी उचलून नेतात.

हे वाचायला सोपे आहे. पण नऊवारी नेसलेल्या, कधी परक्या पुरुषासमोर मान वर न केलेल्या बाईला सगळ्या बंदरादेखत एका खलाशाने उचलायचे, ही गोष्ट सोपी नव्हे. मी स्वतः १९४९ साली लग्न होऊन गिरगावातून आले तेव्हा ओहोटीच होती. बी.ए. झालेली मी होडीच्या काठाशी घट्ट बसून राहिले होते. पाण्यात कमरेपर्यंत उभा असलेला एक मनुष्य माझ्याकडे न बघता, दूर माडांकडे बघत म्हणाला, "बाय, तुमच्या गिरगावात दूध खंयसून येता गो? म्हशी आसत?"

मी म्हटले, गोठे आहेत, पण दूध पातळ. भय्या पाणी घालतो. आणि आमची आई त्याच्याशी कशी भांडते ते मी सांगू लागले. भांडण निम्म्यावर आले तेव्हा माझे पाय कोरड्या रेतीत टेकलेले होते. मला उचलले कधी आणि ठेवले कधी, हे कळले नाही. मागे वळून बघितले तर तो पुढच्या बाईला विचारत होता, "घरात पाटो-वरवंटो नवो काय जुनो?"

ही सत्यवानाची रीत. बाईच्या तोंडाकडे बघायचे नाही आणि तिला लाजायला वेळ द्यायचा नाही.

तर या सत्यवानाला अर्ज कशाला लागावा? पावसाळ्यात बंद असलेली आगबोट आठवड्यात सुरू व्हायची होती. दर वर्षी या सुमाराला होड्यांचा मक्तेदार खलाशी नेमतो. तीस वर्षे सत्यवानाला कोणी विचारले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. पहिल्या दिवशी जाऊन तो आपल्या वल्ह्यावर बसायचा. यंदा मक्ता दाजी केळुसकराने घेतला होता. मुंबईला गोदीत कारकुनी करून आलेला मनुष्य, त्याला सगळे कागदावर हवे होते.

मी दौत-टाक घेऊन बसले. नाव, गाव, कामाचा अनुभव. मग आले वय.

"ता माका काय ठावक?" सत्यवान म्हणाला.

अक्कांना ठावक होते. "माज्या लग्नात तू आठ वर्सांचो होतंस. वरातीत माज्या बापाशीची छत्री हरवलंस. त्येका सेहेचाळीस वर्सां झाली."

"म्हणजे चोपन्न," मास्तर म्हणाले आणि उरलेली बाही घालून शाळेत गेले.

मी टाक थांबवला. दाजी पन्नाशीच्या आतलेच घेतो आहे असे कानावर आले होते. "पंचेचाळीस लिहू का? कोण बघतंय?"

"नको गो वयनीनू," सत्यवान हसला. "माजो झील एकतीस वर्सांचो आसा. पंचेचाळीस लिवलास तर लोक इचारतले, चवदा वर्सांचो बापूस कसो झालो? लिवा चौपन."

मी चोपन्न लिहिले. अक्षर चांगले काढले, 'मेहेरबानांनी कृपादृष्टी ठेवावी' वगैरे सगळे घातले. त्याचा उपयोग झाला नाही. दाजीने कागद वरपासून वाचला नाही. त्याचा डोळा थेट आकड्यावर गेला.

"काका, आता तुम्ही आराम करा," तो म्हणे शुद्ध भाषेत म्हणाला. "पांढरे केस बघून पॅसेंजर घाबरतात."

आता सत्यवानाचे कसे होते ते सांगते. बायको चार वर्षांमागे गेली होती. मुलगा परळला एका खोलीत बायको आणि तीन मुलांसह राहत होता आणि दर पत्रात लिहीत होता, 'बाबा, काम नसेल तर घराला कुलूप लावून इकडे या.' मुलगा मनाचा चांगला. पण त्या खोलीत सत्यवानाने करायचे काय? जिन्यात बसायचे. बापलेकांत ठरले होते, दिवाळीपर्यंत काम मिळाले तर राहायचे, नाही तर कुलूप. म्हणून तो त्या महिनाभरात पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरला.

देवबागला रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेला. तिथला नाखवा त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकानू, तुमी आता नातवंडां खेळवा." वालावलला खाडी ओलांडणाऱ्या तरीवर गेला. तरीवाल्याने चहा पाजला, तब्येत विचारली आणि सांगितले की गेल्या वर्षी आला असतास तर घेतला असता. धामापूरला एका बागायतदाराकडे शिंपणे करायला माणूस हवा होता. बागायतदार म्हणाला, तू पडलास-बिडलास तर लोक मला नावे ठेवतील.

"कोण वायट बोलणा नाय, वयनीनू," सत्यवान एकदा पडवीत बसून सांगत होता. "सगळे पाया पडतत. पाया पडान पडान माका भायर घालतत."

मी त्या वेळी जरा ओशाळले. कारण नेमके तेच मी त्याला सांगणार होते, की आता थोडी विश्रांती घ्या म्हणून.

दसरा झाला आणि आमची नणंद लीला मुंबईहून बाळंतपणाला यायची तार आली. सातवा महिना. मी आणि मास्तर बंदरावर गेलो. आगबोट तीन तास उशिरा आली आणि तोवर पाणी पार ओसरले होते. होडी आली ती नेहमीसारखी अलीकडेच रुतली. चौदा बायका, त्यांत लीला, शेजारी आमच्या आळीतल्या हौसाबाई.

दाजीची नवी पोरे पाण्यात उतरली. पोरे गुणी होती, अंगात जोर होता. पण बायकांपेक्षा तीच जास्त लाजत होती. गणपत म्हणून बाविशीतला एक जण होडीशी गेला, डोळे घट्ट मिटून त्याने दोन्ही हात पुढे केले.

"हात मागे घे रे," हौसाबाई म्हणाल्या. "डोळे धापून माका खंय नेतलंस? खडकार?"

होडीत हशा पिकला. गणपत लालबुंद होऊन दोन पावले मागे सरला.

"सत्यवान खंय?" होडीतून कोणी तरी विचारले.

"तो आता नाही," दाजी किनाऱ्यावरून छत्री हलवत ओरडला. "त्याचं वय झालं. उतरा लवकर!"

"मगे आमी बसतो," हौसाबाईंनी सांगून टाकले. "भरती येतली तेवा उतारतलो. होय मां गो?" आणि चौदाही बायका पदर सारखा करून बसल्या. एकीने डब्यातले लाडू काढले.

भरतीला चार तास होते. मागे दुसरी होडी उतारू घेऊन येत होती, तिच्यामागे तिसरी. पुरुष उतारू आपापल्या बायकांना हाका मारत होते, बायका ऐकत नव्हत्या. लीलाचा चेहरा उन्हाने उतरला होता. मास्तर विजार दुमडून पाण्यात शिरले, घोट्यापर्यंत गेले आणि चष्म्यावर पाणी उडाल्यावर परत आले.

सत्यवान तिथेच होता. धक्क्याच्या टोकाला दगडावर बसून तो हे सगळे बघत होता. आगबोटीच्या दिवशी तो नेहमी तिथे येऊन बसे. मी त्याच्याकडे बघितले, त्याने माझ्याकडे बघितले, पण उठला नाही. त्याला कोणी बोलावले नव्हते.

शेवटी दाजी छत्री मिटून त्याच्याजवळ गेला. "काका, जरा उतरा बघू पाण्यात."

"माजा वय चौपन आसा," सत्यवान शांतपणे म्हणाला. "चलतला तुका?"

आजूबाजूचे हमाल हसले. सत्यवानाने टोपी दगडावर ठेवली आणि तो पाण्यात गेला. आधी होडीभोवती एक फेरी मारून त्याने पायाने रेती चाचपली, मग गणपतला आणि आणखी दोघांना सांगून होडी हातभर डावीकडे ढकलवली. मग लीलापाशी गेला आणि माडांकडे बघत म्हणाला, "लीलाबाय, मुंबयचे लोक म्हणे माशार चिच घालतत, आमसुला नाय?"

"नाहीच घालत!" लीला उसळून म्हणाली. "आणि वर साखर घालतात! आमच्या शेजारी तर..." शेजारणीची गोष्ट सांगत सांगतच ती माझ्याजवळ आली. चौदा बायका उतरल्या, दुसऱ्या होडीतल्या उतरल्या, तिसऱ्यातल्याही. एकीच्याही साडीचा काठ भिजला नाही.

त्याच संध्याकाळी दाजीने निरोप धाडला. सत्यवानाने रोज बोटीच्या वेळी यावे, काठावर बसावे आणि ओहोटी असेल तेव्हा बायकांना उतरवून घ्यावे. होडीत मात्र बसायचे नाही, वल्हे मारायला पोरे आहेत.

घरात सगळ्यांना आनंद झाला. अक्का म्हणाल्या, दाजीला अक्कल आली. मास्तर म्हणाले, घराचे कुलूप टळले. मलाही वाटले, गोड शेवट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवान आला, कडी न वाजवता पडवीत बसला. मी गूळ-पाणी नेऊन ठेवले आणि म्हटले, "बरं झालं. आता दिवाळी इथेच."

त्याने गूळ उचलला नाही.

"वयनीनू, दाजी माका काय म्हणता ठावक आसा? बायकांचो म्हातारो. म्हणता, म्हातारो म्हणान बायका तेका भिणत नाय. तुमी इलास तेवा मी सेहेचाळीस वर्सांचो होतंय. अक्कांच्या जावेक उतरवलंय तेवा पंचवीस वर्सांचो. केस काळे कुळकुळीत. तेवा खंय कोण भियाला?"

मी मनातल्या मनात मोजले. हौसाबाईंना त्याने पहिल्यांदा उतरवले तेव्हा दोघेही तिशीच्या आतले असणार. त्या ज्या हातांवर भरवसा ठेवून काल होडीत अडून बसल्या, ते हात त्यांना पांढऱ्या केसांमुळे ठाऊक नव्हते. हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मीही इतके दिवस म्हणत आले होते की वयस्कर माणूस, म्हणून बायकांना आधार वाटतो.

"मग दाजीला नाही म्हणणार?"

"नाय म्हटलंय तर मुंबय. होय म्हटलंय तर काठार बसान ऱ्हवाचा." त्याने बोटाने जमिनीवर होडी काढली आणि तिच्या पुढे दोन रेघा. "बायल माणसाक उतरवचा काम पाण्यात सुरू होणा नाय, वयनीनू. होडी वळवताना सुरू होता. खंयची लाट घेवची, खंय रेती घट आसा, ता वल्ह्यार बसलेल्याक कळता. काल होडी चुकीच्या जाग्यार होती, म्हणान माका ती ढकलूक लागली. एक दिवस मी काठार बसलेलो आसतलंय आणि पोरां होडी खडकाकडे घालतली. मगे माजे हात काय करतले?"

आत लीला अक्कांशी बोलत होती, तिचा आवाज पडवीपर्यंत येत होता. सत्यवान ऐकत बसला. मग मी न विचारताच तो म्हणाला, "कागद हाडा."

मी दौत-टाक आणि कागद आणला. 'मेहेरबान' लिहायला घेतले तर त्याने हात वर केला.

"ता नको. कृपा बिपा कायच नको. वय लिवा चौपन, ठळक लिवा. आणि तेच्याखाल एवढाच लिवा, सत्यवान तारी होडयेतसून बायकांका उतरवतलो, पण तेका एक वल्हा देवचा."