बाटलीच्या तळाचं मीठ

गावत्रे सरांची पहिली भेट अमरावतीला, मी स्टोव्ह दुरुस्त करायचो त्या दुकानात झाली. ते अकोल्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. पितळी पंप मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "याच्यानं भांड्यातली हवा निघाली पाह्यजे. सारीच."

"मंग भांड्यात भरता काय?"

"काईच नाई."

असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. पंप नीट चालला, तसं सरांनी मला मिस्त्री म्हणून अकोल्याला नेलं. मी सुखदेव, नांदगाव खंडेश्वरचा, पाचवी शिकलेला, छप्पनात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला. सरांनी फक्त हात दाखव म्हटलं.

सर तरुणपणी परदेशात होते. कणांना पळवणारं तिथलं यंत्र आपल्या जिनिंगच्या शेडपेक्षा मोठं. मेसॉन नावाचा कण अणूत शिरतो, इलेक्ट्रॉनपेक्षा कितीतरी आत, गाभ्यापाशी जाऊन बसतो आणि पापणी लवायच्या आधी संपतो. जाता जाता किरण सोडतो, त्यावरून गाभा केवढा ते कळतं. मी विचारलं, "एवढ्यासाठी मरते बिचारा?" सर म्हणाले, "तो आपल्यासाठी नाई मरत. आपण तेवढ्यात पाहून घेतो."

आई अंथरुणाला खिळली म्हणून ते सारं सोडून सर परतले. ते यंत्र अकोल्यात येणं शक्य नव्हतं. म्हणून नखाएवढ्या जर्मेनियमच्या तुकड्यांवर त्यांनी काम मांडलं. हा अर्धवाहक, वीज धड जाऊ देत नाही, धड अडवत नाही. त्याला बोटाचा डागही सोसत नाही. तुकडे ॲसिडातून काढून शुद्ध पाण्यानं धुणं माझ्याकडे होतं. एक जुने सहायक बोलले, "धुवाले हाच भेटला काय, सर?" सर म्हणाले, "तुमी धुवून दाखवा. डाग नाई राह्यला त उद्यापासून तुमीच धुवा." ते पुढे आले नाहीत.

एका उन्हाळ्यात पाणी शुद्ध करायच्या यंत्राची कॉइल जळली. सर परीक्षेच्या कामानं अमरावतीला गेलेले. मी कॉलेजच्या विहिरीचं पाणी दोनदा उकळलं, धुतल्या फडक्यानं गाळलं, बाटलीत भरलं. घरात आजारी माणसाला आपण असंच देतो. मला त्याहून जास्त माहीत नव्हतं. सरांना सांगायचं मात्र राहून गेलं.

त्या पाण्यानं धुतलेल्या तुकड्यांच्या पृष्ठावरून वीज कधी वाहिली नव्हती तशी वाहिली. सरांनी तीन-तीनदा मोजलं, निबंध लिहिला, तो परदेशात छापून आला. त्या जुन्या यंत्रावरच्या लोकांकडून पत्र आलं की एक वर्षासाठी या. आई तोवर गेल्या होत्या. सरांना थांबवणारं कुणी नव्हतं. ते पत्र त्यांनी मलाही वाचून दाखवलं.

कॉइल बदलली, नवे तुकडे धुतले, आणि ते वाहणं थांबलं. आठवडाभर सर जेवायलाही घरी गेले नाहीत. मग त्यांनी माझी जुनी बाटली खिडकीशी धरली. तळाशी पांढरं कडं होतं. बोट लावून त्यांनी ते चाखलं. त्याच कॉलेजात माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला असे.

"सुखदेव, हे पानी कुठलं?"

"विहिरीचं. पण उकळलं होतं, सर. दोनदा."

"उकळून मीठ जात नाई रे. वाढते." तुकड्यांवरून वीज वाहिली होती ती या मिठानं.

प्राचार्यांच्या खोलीत विचारणा झाली, पाणी कोणी भरलं? मी दाराशी होतो. ते सहायक माझ्याकडे बघून हसले. माझं नाव निघालं असतं तर चर्चा मिठाची झाली नसती, हाताची झाली असती. सर म्हणाले, "बाटली मी तपासली नाही. चूक माझी." त्याच शब्दांत त्यांनी परदेशी कळवून निबंध मागे घेतला. ते बोलावणं पुन्हा आलं नाही.

मला तिथे उभं राहवेना. आठ दिवसांत निघालो. सरांनी अडवलं नाही. "हात चांगले आहेत, खराब करू नको," म्हणाले. भिलाई सोडली, टाटानगर सोडलं, आता कलकत्त्याजवळ बल्बच्या कारखान्यात हवा काढतो. सरांची दोन पत्रं आली, एकाचंही उत्तर दिलं नाही. सरांचे हात धांदरट, असं अकोल्यात अजून बोलतात म्हणे. म्हणून सरांच्या साठीच्या या गौरवग्रंथात संपादकांनी एवढं जरूर छापावं, की ते पाणी मी भरलं होतं. सरांनी हे कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाहीत.

सरांना शंभर वर्षं लाभोत, डोळे शाबूत राहोत, पंप चालू राहो. तुकडे धुवायला माणूस नसेल तर बोलवावं. पाणी आधी त्यांनी चाखावं, मग मी धुवीन.