बॅटऱ्यांच्या खोलीत हिराबाय

हिराबाय कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी खिडक्या उघडायची. यजमानाने कौतुकाने एसी लावलेला असला तरी. ती आमच्या राहनाळ गावची धवलारीण, म्हणजे आगरी लग्नातले विधी गाण्यांतून पार पाडणारी बाई. "वाऱ्याबिगर गला चालत न्हाय," एवढंच तिचं स्पष्टीकरण. तिच्यापुढे गोदामांचे मालकही आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसत.

आमचे शेजारी दिनकरशेठ त्यांतलेच. शेतावर गोदामं उभी राहिली, भाड्यातून बंगला झाला, बंगल्यावर सोलर आलं. बॅटऱ्यांसाठी त्यांनी देवघराला लागून खास खोली काढली: संगमरवरी ओटा, काचेचं दार, दाराच्या फटींना रबर. सोलर बसवणाऱ्याने ठेवलेला झरोका धूळ येते म्हणून बुजवला. पाणी घालावं लागणाऱ्या त्या बॅटऱ्यांना खंडेनवमीला झेंडूचे हार पडत. पाहुण्यांना देव नंतर दाखवले जात.

मुलीच्या हळदीचा दिवाही तिथेच लावायचं शेठनी ठरवलं. घराला उजेड देते तीच लक्ष्मी, हा त्यांचा सिद्धांत. भर दुपार, बॅटऱ्या जोरात चार्ज होत होत्या. नवरी पाटावर बसली. हिराबायने गाण्यासाठी श्वास घेतला आणि खोकली. हातातली काडेपेटी तिने कमरेला खोचली.

"पोरीला भायेर काढा."

मुहूर्त टळतोय, असं शेठ म्हणाले.

"टलू दे. मुहूर्त दुसरा गावंल."

दुसरी धवलारीण बोलावण्याची धमकी त्यांनी दिली.

"बोलाव, दिनकर. तिलाबी मीच शिकवलंय."

नवरीच्या आईने मुलीला उठवलं, पाट उचलला आणि अंगणात नेऊन मांडला. हळद तिथेच लागली. शेठ बराच वेळ मंडपाचे खांब तपासत होते.

नंतर बोलावलेल्या वायरमनने खोलीत पाऊल टाकताच कपाळाला हात लावला. चार्ज होताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, बंद खोलीत तो छताखाली साठतो, मग एक ठिणगी पुरते. हिराबायच्या घशाला लागली ती मात्र आम्लाची वाफ. हायड्रोजनला वासच नसतो. तिने चोर नव्हे, चोराचा जोडीदार पकडला होता. मी तिला हे समजावून सांगितलं.

"मंग? पोर भायेर हाय ना," ती म्हणाली.

वायरमनने एक जाळी खाली आणि एक छताला लागून बसवली, दोन्ही थेट बाहेर उघडणाऱ्या. शेठनी त्यांचंही नारळ फोडून उद्घाटन केलं आणि हिराबायला गायला सांगितलं. भोकांची गाणी आपल्यात नसतात, असं म्हणून तिने प्रसाद घेतला आणि घरी गेली.

हिराबाय आता नाही. परवा त्या मुलीच्या सासरी, नारपोलीला, सोलर बसलं. बसवणाऱ्या माणसाने बॅटऱ्यांसाठी जिन्याखालचं कपाट सुचवलं. सासऱ्यांना ते पसंत होतं. सून म्हणाली, "आधी या कपाटाची बाहेरची भिंत दाखवा." त्या कपाटाला जाळी बसवायला बाहेरची भिंतच नव्हती. बॅटऱ्या तिथे ठेवल्या गेल्या नाहीत.