ब्रेकवरचा पाय

सवत नसतानाही सवतीमत्सर कसा होतो, ते मला विचारा. माझा नवरा दूध संघात सुपरवायझर होता आणि गावोगावच्या सोसायट्या फिरायला संघानं त्याला एक जुनी छोटी गाडी दिली होती. दुष्काळाचं साल. रस्त्यावर नुसता फुफाटा. ती धूळ चाकात शिरून ब्रेकचे लायनर खाऊन टाकायची. आमच्या तेर गावात गाडीचा मिस्त्री नव्हता आणि उस्मानाबादला न्यायची तर सगळा दिवस मोडायचा. म्हणून तो अंगणातच लायनर बदलायचा. आणि त्या कामाला त्याला माझी मोठी जाऊ लागायची. मी त्यांना आक्का म्हणायचे, तो वैनी.

तसं लायनर बदलणं एकट्याचं काम. जॅक लावायचा, चाक काढायचं, ड्रम ठोकून सैल करायचा, झिजलेले काढून नवे बसवायचे. पण त्यासोबत चाकातलं ऑइल अडवणारं रबरही बदलायचं, आणि ते बदललं की ब्रेकच्या नळीत हवा शिरते, आणि ती काढायला दोघं लागतात. एकानं गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकापाशी बसून तिथली निपल, ती बारीक तोटी, सैल करायची, म्हणजे ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळेपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत, आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे आत बसणाऱ्यावर भरवसा पाहिजे.

तो भरवसा आक्कांवर होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माझा नवरा शाळेत जात होता. त्याचा डबा, त्याच्या तापातलं जागरण, सगळं त्यांनी केलेलं. थोरले दीर बसवर कंडक्टर, घरी कमीच. हे सगळं मला लग्नापासून ऐकवलं जात होतं, आणि ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबायचं.

आक्का गाडीत बसल्या की नवरा बोलायचाच नाही. पान्यानं ड्रमवर एकदा ठोकलं की त्या दाबायच्या, दोनदा ठोकलं की सोडायच्या. मला चुलीपुढं ती ठकठक ऐकू यायची. माझ्याशी जेवताना दोन वाक्यं बोलायची मारामार, आणि तिथं न बोलता सगळं कळत होतं. मी जळायचे, सरळच सांगते. वड्याचं तेल वांग्यावर निघायचं आणि भाकरी करपायच्या.

"मी बसू का एकदा?" मी विचारलं होतं.

"तुझा पाय हलका हाय. ऱ्हाऊ दे."

तेरणा नदीच्या वाळूत खणलेल्या झऱ्यावरनं मी रोज भरल्या घागरी आणत होते. तेव्हा माझा पाय हलका आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग एकदा आक्का माहेरी मुरुमला गेल्या आणि नेमका तेव्हाच ब्रेक पार तळाला जायला लागला. सकाळी दौऱ्यावर जायचं होतं. नवऱ्यानं लायनर बदलले, रबर बदललं, अंगणभर नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडं बघितलं. मी हात पुसून सीटवर जाऊन बसले.

"दाब," तो म्हणाला. "धर. आता सोड." लहान पोराला सांगावं तसं प्रत्येक वेळी. मागचं डावं चाक आधी घ्यायचं, हेसुद्धा त्यानं मला समजावलं. मी मांडी थरथरेपर्यंत धरून ठेवत होते. तीन चाकं झाली, हवा एकदाही परत गेली नाही.

चौथ्या चाकाला तो गप्प झाला, आणि ड्रमवर एकदा ठक झालं. मी दाबलं. दोनदा झालं, मी सोडलं. लग्नात पाटल्या मिळाल्या तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. पुन्हा ठक, पुन्हा दाबलं. निपल आवळल्याचा आवाज आला आणि तो चाकामागनं म्हणाला, "झालं वैनी, सोडा आता."

मी सोडलं नाही. त्यानं परत हाक मारली, मग हात पुसत दारापाशी आला. मला बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"सवय गं," तो म्हणाला.

"कळलं कुणाची ते," मी म्हणाले आणि पाय उचलला. ब्रेक मात्र झकास लागला होता.

आक्का परत आल्यावर त्यानं हे जेवताना गंमत म्हणून सांगितलं. तो हसला. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि आमटी वाढली.

पुढच्या खेपेला लायनर झिजले तेव्हा तो त्यांना बोलवायला गेला. "माझा गुडघा लई दुखाय लागलाय," त्या म्हणाल्या. "हितनं पुढं तिलाच बसव."

त्याच दुपारी मी त्यांना तेरणेचा चढ चढून येताना बघितलं. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर कळशी, आणि चाल माझ्यापेक्षा झपाझप.

त्यानंतर गाडी होती तोवर ब्रेकवर माझाच पाय होता, आणि ठकठकही माझ्यासाठीच होती. पण मला ती जागा त्यांच्या हातून हिसकावून घ्यायची होती. त्यांनी ती, धुऊन घडी घातलेलं लुगडं द्यावं तशी, देऊन टाकली. आजही मी जळते ती त्या न दुखणाऱ्या गुडघ्यावर.