शेवटच्या रकान्यातलं शून्य

जुने सुवार्तिक एका बाकावर बसले, की किस्से सुरू व्हायला वेळ लागत नाही. गावोगाव जाऊन येशूची गोष्ट सांगणारी माणसं आम्ही. गोष्ट कुणी घेतली नाही, पण किस्से मात्र ढिगानं साठले! लोक हसतात. मीही हसतो. घरी आल्यावर जेवण जात नाही, ही वेगळी बाब.

निजामाच्या अमदानीत उस्मानाबाद जिल्ह्यात आम्ही तिघं होतो. मी सगळ्यांत धाकटा. शलमोनराव थोरले, आवाज असा की पार वेशीपर्यंत पोचायचा. तिसऱ्या रूथबाई, त्या घराघरांत जाऊन बायकांशी बोलायच्या. आणि गाडी हाकायला धोंडिबा. आता त्याला माणसांत धरायला हवं होतं, पण आम्ही ‘तिघं’ असंच म्हणायचो.

दर महिन्याला पाद्रीसाहेबांकडे रिपोर्ट जायचा. किती गावं, किती श्रोते, किती पुस्तिका वाटल्या. शेवटचा रकाना ‘नवीन विश्वासी’. तिथं शलमोनराव शून्य काढायचे. टाक बुडवून, वळणदार, मोत्यासारखं! म्हणायचे, “दहा वर्षं एकच आकडा गिरवतोय, अक्षर सुधारणारच!”

ज्याला ही गोष्ट मिळाली त्यानं ती दुसऱ्याला द्यायची, हे आमच्यात मर्जीवर सोडलेलं नाही. ते कर्तव्य आहे. एक माणूस, फक्त एक, एवढंच मी देवाजवळ मागायचो.

*

परंड्याच्या बाजारात बोलायचं तर ठाण्यातून परमिशन लागायची. ठाण्याचे प्रमुख अमीनसाहेब म्हणाले, “पहले हमको सुनाओ. सरकार के खिलाफ कुछ है क्या, देखेंगे.”

शलमोनरावांनी ठाण्यातच उधळ्या पुत्राचा दृष्टांत सुरू केला. बापाकडून वाटणी घेऊन गेलेला, सगळं उडवून डुकरं राखायची पाळी आलेला मुलगा परत येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. तासभर चाललं. शिपाई दारात येऊन उभे राहिले. अमीनसाहेबांनी चक्क रुमाल काढून डोळे टिपले!

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आज शून्य पुसलं जाणार, असं मला खरंच वाटलं.

“बहोत खूब!” साहेब म्हणाले. “परमिशन नहीं मिलेगी.”

“का, साहेब?”

“इतना अच्छा बोलते तुम लोग, भीड जमेगी ना! भीड को मनाई है.”

*

ईट गावी तोच दृष्टांत. चित्रांची गुंडाळी पारावरच्या लिंबाच्या फांदीला टांगली, माणसं समोर बसली, गाडी नेहमीसारखी आमच्या पाठीमागं. ऐन रंगात शलमोनराव अडकले. मुलगा उपाशी, परक्या मुलखात, आणि पुढचं आठवेना! मी खोकलो. तेवढ्यात गाडीच्या चाकाजवळून धोंडिबाचा आवाज, “डुकरं, मास्तर! डुकरं राखाय लागला!”

सगळा पार हसला. शलमोनराव सावरले, बापाची मिठी झाली, लोकांचे डोळे पाणावले. मग एक शेतकरी उठला. “मास्तर, धाकट्यानं आपली वाटणी उडवली. आता ऱ्हायलेल्या रानात त्यो पुन्यांदा वाटा मागनार का?”

“न्हाय मिळत!” दुसरा ओरडला. दोन तट पडले. उन्हं कलली तरी वाद मिटेना. आम्ही गुंडाळी सोडवून निघालो, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

“धोंडिबा, बैलांना पाणी दाखवलं का?” मी विचारलं.

“व्हय मास्तर, दाखवलं.”

गाडीत बसताना हे एक वाक्य मी त्याच्याशी बोलायचो. दुसरं आठवत नाही.

*

अणदूरला रूथबाईंना एका लिंगायत आजींनी ओसरीवर बसवलं, ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. “लई ग्वाड देव हाय गं तुजा, अव्वा,” म्हणाल्या. आत गेल्या आणि पुस्तिकेवरचं येशूचं चित्र फाडून देव्हाऱ्यात ठेवलं. खंडोबाशेजारी! वर भंडारा उधळला.

रूथबाई वाटेत रडायला लागल्या. मला वाटलं, अपमान झाला म्हणून.

“अपमान झाला असता तर बरं होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “कुणी नाही म्हणत नाही, कुणी भांडत नाही. सगळे ताक देतात!”

*

मग रझाकारांचे दिवस आले. गावंच्या गावं हद्द ओलांडून बार्शीकडे गेली. तरी रिपोर्ट चुकायला नको, म्हणून आम्ही निघायचो. एका गावात कुत्रं सोडून कुणी नव्हतं. शलमोनरावांनी चावडीपुढं चित्र टांगलं आणि रिकाम्या रस्त्याला दृष्टांत सांगायला लागले! मी अडवलं नाही. अडवून काय सांगणार होतो?

मध्येच चावडीतून कण्हणं ऐकू आलं. मागं राहिलेला एक म्हातारा होता. शलमोनराव आवाज चढवून बोलतच राहिले. धोंडिबा गाडीतून तांब्या घेऊन उतरला, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं पाणी पाजलं.

शलमोनराव थांबले. त्यांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी चित्र गुंडाळलं. “आता मी बोलतो ते मलाच ऐकू येत नाही,” एवढंच म्हणाले. त्यानंतर कुठल्याच गावात त्यांनी तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. शेवटच्या रिपोर्टातलं शून्य मी काढलं, आणि ते वाकडं आलं.

*

निजामाचं राज्य गेलं, मोटारी सुरू झाल्या. मिशननं गाडी बंद केली. रूथबाई सोलापूरला बहिणीकडे गेल्या. शेवटच्या दिवशी धोंडिबानं मला परंड्याच्या मोटार स्टँडवर सोडलं, ट्रंक उतरवली, आणि तिथंच उभा राहिला.

“मास्तर, एक इचारू?”

“काय ते?”

“धा वर्सं तुमी सांगत व्हता. ईटला सांगितलं, अनदूरला सांगितलं, त्या अमीनसायबाला बी सांगितलं. मला समदं पाठ हाय. पर माज्याकडं तोंड करून तुमी कवाच बोलला न्हाय. म्या म्हनलं, गाडीवानाला ही गोष्ट घेनं चालत नसंल.” त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. “चालतं का, मास्तर?”

मोटारीचा हॉर्न वाजला. अंगातून लाज अशी चढली, की पाठ केलेल्या इतक्या भाषणांतला एक शब्द जिभेवर येईना. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते हे:

“धोंडिबा, बैलांना पाणी दाखवलं का?”

त्यानं मग मुंडासं परत बांधलं.

“व्हय मास्तर,” तो म्हणाला. “दाखवलं.”